यंत्र कुणाचे, प्रणाली कुणाची?

कवठे महांकाळच्या बाजारपेठेतला एखादा बेदाण्याचा व्यापारी दुकानासाठी संगणक घेतो, तेव्हा एकाच खरेदीत तो पाच-सहा कंपन्यांचा माल घरी नेत असतो. प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, मदरबोर्ड एखाद्या तैवानी कंपनीचा, हार्डडिस्क तिसऱ्याची, स्क्रीन चौथ्याची. सांगली-मिरजेहून आणलेले सुटे भाग तालुक्यातला कारागीर कॅबिनेटमध्ये बसवतो आणि सांगतो, "विंडोज टाकून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा." ही विंडोज मायक्रोसॉफ्टची. त्या डब्यातला एक स्क्रूसुद्धा मायक्रोसॉफ्टने बनवलेला नसतो. तरीही बटण दाबल्यावर व्यापाऱ्याला जे दिसते, ज्यावर टॅली उघडते, ज्यात सौद्यांचे हिशेब साठतात, ते सगळे तिच्याच भरवशावर चालते.

त्याच व्यापाऱ्याची मुलगी पुण्यात डिझाइन शिकत असेल, तर तिच्याकडे मॅकबुक असू शकते. तिथे यंत्र ॲपलचे आणि आत चालणारी मॅकओएस ही प्रणालीही ॲपलचीच. सुट्टीला आलेल्या लेकीला वडील सहज विचारतील, "हे तुझं आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकता येईल का गं?" तिला नाही म्हणावे लागेल. ॲपल ती प्रणाली दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी विकत नाही, आणि परवान्याच्या करारातच तशी मनाई आहे.

वस्तू तयार आहे, गिऱ्हाईक विचारत आले आहे, मग ती विकायची का नाही? संगणक बनवणाऱ्या कंपनीने आपली ऑपरेटिंग सिस्टीम इतरांच्या यंत्रांसाठी विकावी का, या प्रश्नाचा निकाल लावताना जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब चुकले आहेत. मराठी संगणकावर आणताना पुण्यालाही तो सोडवावा लागला. माझे मत आधीच सांगून टाकतो. प्रणाली विकायची की राखून ठेवायची, हे कंपनीने आपली कमाई कुठून येते ते बघून ठरवावे; तो तिचा धंदा आहे. मात्र त्या प्रणालीवर आपण जे लिहितो आणि जे हिशेब ठेवतो, ते कुणाच्याही यंत्रावर उघडले पाहिजे. त्या बाबतीत आपण कुणाच्या मर्जीवर राहता कामा नये.

प्रणाली नेमके काय करते

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि आपले काम यांच्यामधला कारभारी. टॅलीला बिल छापायचे असते, पण समोरचा प्रिंटर कोणत्या कंपनीचा आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. ती प्रणालीला सांगते, "हे छाप." त्या विशिष्ट प्रिंटरला समजेल असा हुकूम देण्याचे काम प्रणालीचे. त्यासाठी प्रत्येक भागाचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

ड्रायव्हरचे महत्त्व कळते ते संगणकाला 'फॉरमॅट मारल्यावर'. नवी विंडोज पडते, स्क्रीन लागते, पण अक्षरे भलतीच मोठी दिसतात. आवाज येत नाही. वायफायचे चिन्हच गायब असते. कारागीर मदरबोर्डबरोबर आलेली सीडी शोधतो, ती नसेल तर मोबाइलच्या नेटवरून एकेक ड्रायव्हर उतरवून घेतो, आणि तासाभराने सगळे जागेवर येते. यंत्रात बिघाड नव्हता, प्रणालीतही नव्हता. दोघांची ओळख करून देणारे कुणी नव्हते.

आपल्या प्रश्नाची अर्धी गुंतागुंत इथेच आहे. ॲपल बनवते ती मोजकी मॉडेल, आणि त्यांतला प्रत्येक भाग तिने स्वतः निवडलेला असतो. मायक्रोसॉफ्टला मात्र जगभरच्या हजारो मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड आणि प्रिंटरांच्या जुळण्या सांभाळाव्या लागतात. प्रणाली इतरांसाठी विकायला काढली की हा सगळा पसारा अंगावर येतो. दुसऱ्याच्या स्वस्त भागामुळे संगणक अडकला तरी लोक नाव ठेवतात ते प्रणालीला. 'विकायला काय जाते' असे म्हणणारे हा खर्च धरत नाहीत.

एकत्र कुटुंब कधी फुटले

सुरुवातीला यंत्र आणि प्रणाली असा भेदच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक घडवला गेला आणि १९६० साली तो पूर्ण रूपात कामाला लागला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तसे दुसरे यंत्रच नव्हते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. यंत्र बदलले की प्रोग्रॅम नव्याने लिहायचे, ही तेव्हाची रीत होती.

त्या काळी आयबीएमसारख्या कंपन्या प्रोग्रॅम यंत्राबरोबर देत आणि सगळ्याची मिळून एकच किंमत लावत. सॉफ्टवेअरला वेगळे मोल आहे, असे गिऱ्हाइकाला वाटतच नसे. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी जून महिन्यात आयबीएमने जाहीर केले, की यापुढे बरेचसे सॉफ्टवेअर आणि सेवा यांची आकारणी वेगळी होईल. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकण्याजोगी वस्तू आहे, हे या निर्णयाने जगाला मान्य करावे लागले.

महाराष्ट्राचे या घटनेशी जवळचे नाते आहे. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या टीसीएसने १९७४ च्या सुमारास बरोज कंपनीच्या यंत्रांसाठी काम करत सॉफ्टवेअरच्या निर्यातीला सुरुवात केली. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. या उद्योगाच्या सुरुवातीच्या कामांत एका कंपनीच्या यंत्रावरचे प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतील असे करून देणे, हे मोठे काम होते. यंत्रे एकमेकांशी फटकून वागत होती, म्हणून त्यांच्यात दुवा जोडणाऱ्या माणसांना मागणी होती. तासगाव-जतची मुले आज हिंजवडीला नोकरी करतात, त्या नोकरीचे मूळ शोधत गेलो तर यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या त्या फारकतीपर्यंत पोचावे लागते.

याच काळात युनिक्स ही प्रणाली वेगळ्या वाटेने आली. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती सुरू केली आणि १९७३ मध्ये सी या भाषेत नव्याने लिहिली. त्याआधी प्रणाली सहसा त्या-त्या प्रोसेसरच्या भाषेत लिहीत, त्यामुळे ती त्या यंत्राला चिकटलेली असे. सीमध्ये लिहिल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर नेणे आवाक्यात आले. प्रयोगशाळेची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी होती. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. यंत्र विकायचेच नव्हते, म्हणून प्रणाली राखून ठेवण्यात तिचा काही फायदा नव्हता, आणि विद्यापीठांना, कंपन्यांना परवाने देणे तिला सोपे गेले. भारतात १९७८ मध्ये आयबीएम निघून गेल्यावर एचसीएलसारख्या देशी कंपन्या पुढे आल्या. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, आणि पुढच्या वर्षांत भारतीय बँकांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रे मोठ्या संख्येने बसली. यंत्र या कंपनीचे की त्या, याला त्यामुळे कमी महत्त्व उरले.

आयबीएमने जे जाऊ दिले

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाई होती, म्हणून बहुतेक भाग बाहेरून घेतले आणि प्रणालीही बाहेरून घेतली. ती पुरवली मायक्रोसॉफ्टने. मायक्रोसॉफ्टकडेही ती तयार नव्हती; सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून, टिम पॅटरसन यांनी लिहिलेली प्रणाली त्यांनी एकंदर ७५ हजार डॉलरना विकत घेतली होती. आयबीएमशी करार करताना मायक्रोसॉफ्टने एक गोष्ट मात्र हातची सोडली नाही. हीच प्रणाली एमएस-डॉस या नावाने इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला.

आयबीएमचे यंत्र हुबेहूब बनवायला अडचण उरली होती फक्त बायोसची, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्रॅमची. आयबीएमने त्याची संपूर्ण संहिता आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. ती सगळ्यांना वाचता येत होती, पण स्वामित्वहक्कामुळे उतरवून घेता येत नव्हती. कॉम्पॅक या नव्या कंपनीने, ज्यांनी ती संहिता कधी पाहिलेली नाही अशाच अभियंत्यांना कामाला लावले आणि तेच काम करणारा नवा प्रोग्रॅम लिहून घेतला. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकने आपला संगणक जाहीर केला आणि पुढच्या वर्षी तो विक्रीला आला. पाठोपाठ डझनावारी कंपन्या आल्या. प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला पैसे मिळत गेले, आयबीएमला मिळाले नाहीत. २००५ मध्ये आयबीएमने आपला पीसीचा धंदा लेनोवोला विकून टाकला.

आपल्या तालुक्यात असेंबल्ड संगणक मिळतो, त्याच्या मुळाशी हा करार आहे. स्वस्त यंत्रे, सुटे भाग कुठूनही आणण्याची सोय, गल्लीतला दुरुस्ती करणारा मुलगा, हे सगळे प्रणाली यंत्रापासून मोकळी झाल्यामुळे मिळाले. त्यासाठी आपण दुसऱ्या बाजूने बांधलो गेलो. टॅली विंडोजसाठी आहे, डीटीपीवाल्याचे प्रोग्रॅम विंडोजचे आहेत, एमएस-सीआयटी शिकताना हात बसला तोही बहुतेकांचा विंडोजवरच. यंत्र कुणाचेही घ्या, प्रणाली मात्र तीच घ्यावी लागते.

ॲपलने तीनदा केलेला विचार

मॅकिंटॉश १९८४ मध्ये आला. दुसऱ्याच वर्षी जूनमध्ये खुद्द बिल गेट्स यांनी ॲपलच्या प्रमुखांना लेखी सुचवले, की मॅकची प्रणाली इतर उत्पादकांना द्या, म्हणजे ती सगळ्या उद्योगाचे प्रमाण बनेल. तेव्हा विंडोजची पहिली आवृत्तीही बाजारात आली नव्हती. ॲपलने सल्ला मानला नाही. मॅकवर नफा भरपूर होता आणि त्या नफ्यात वाटेकरी नको होता.

दहा वर्षांनी परिस्थिती उलटली होती. विंडोज ९५ दाराशी होती आणि मॅक मागे पडत होता. १९९४ च्या अखेरीस ॲपलने परवाने द्यायला सुरुवात केली. पॉवर कॉम्प्युटिंग ही पहिल्या परवानाधारकांपैकी एक. तिची यंत्रे १९९५ मध्ये विक्रीला आली. युमॅक्स, मोटोरोला याही कंपन्या सामील झाल्या. अपेक्षा अशी, की या कंपन्या विंडोजचे गिऱ्हाईक ओढून आणतील. झाले भलतेच. मॅक घेणारा जुना गिऱ्हाईकच ॲपलच्या महाग यंत्राऐवजी पॉवर कॉम्प्युटिंगचे वेगवान आणि स्वस्त यंत्र घेऊ लागला.

हिशेब मांडून पाहू. समजा, यंत्र विकून कंपनीला २० हजार रुपये सुटतात आणि प्रणालीच्या परवान्याचे २ हजार मिळतात. आपले एक गिऱ्हाईक दुसऱ्याच्या यंत्राकडे गेले, तर ते नुकसान भरून काढायला नऊ नवी गिऱ्हाइके आणावी लागतात. नवीन कुणी आलेच नाही तर प्रत्येक परवान्यामागे १८ हजारांचा खड्डा पडतो. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण ॲपल अडकली ती याच गणितात. तिने परवाने दिले तेव्हाही तिची कमाई यंत्रांतूनच येत होती. प्रणालीच्या विक्रीवर जगण्याची तयारी नसताना तिने प्रणाली बाजारात मांडली.

स्टीव्ह जॉब्स परत आले आणि १९९७ मध्ये हा प्रयोग थांबला. करार मॅक प्रणालीच्या सातव्या आवृत्तीपुरते होते. ७.७ म्हणून यायची होती ती आवृत्ती 'मॅक ओएस ८' या नावाने आली आणि जुने परवाने तिला लागू राहिले नाहीत. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा ॲपलने १० कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात विकत घेऊन बंद केला.

तिसरी वेळ इंटेलच्या काळातली. २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले, म्हणजे आतून मॅक आणि दुकानातला असेंबल्ड संगणक जवळजवळ सारखे झाले. खटपटी लोक घरच्या यंत्रावर मॅकओएस चालवून पाहू लागले. फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीने तर २००८ मध्ये तशी यंत्रे उघडपणे विकायला काढली. ॲपल कोर्टात गेली, २००९ मध्ये जिंकली आणि २०११ मध्ये अपिलातही निकाल मूलतः कायम राहिला. २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. आता कराराइतकीच यंत्राची रचनाही प्रणालीला बाहेर जाऊ देत नाही.

आज मॅकच्या आत जी प्रणाली आहे, तिचे मूळ नेक्स्टस्टेपमध्ये आहे. जॉब्स यांच्या नेक्स्ट या कंपनीने १९९३ मध्ये यंत्रे बनवणे बंद केले आणि ही प्रणाली इंटेलच्या साध्या पीसीसाठी विकायला सुरुवात केली. धंदा बेताचाच झाला. पण वेगवेगळ्या यंत्रांवर चालवण्याच्या त्या कष्टांतून प्रणाली इतकी लवचीक झाली, की १९९६ च्या अखेरीस ॲपलने ४० कोटी डॉलरहून अधिक मोजून नेक्स्ट घेतली आणि पुढे इंटेलकडे जाणे तिला सोपे गेले. जी प्रणाली आज बाहेर विकली जात नाही, तिचा पाया अनेकांच्या यंत्रांवर चालून भक्कम झालेला आहे.

पुण्याचे कार्ड

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न कसा उभा राहिला, ते पाहण्यासाठी 'स्थिती' हा एक शब्द संगणकावर उमटवून बघा. आपण टंकतो स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. ऱ्हस्व वेलांटी आपण उच्चारतो थ नंतर, पण ती काढायची मात्र 'स्थ' या जोडाक्षराच्या आधी. स अर्धा करायचा, थ त्याला जोडायचा, वेलांटी मागे न्यायची, एवढी उलथापालथ प्रत्येक शब्दासाठी. १९८० च्या दशकातल्या पीसीला एका चौकटीत एक ठरावीक अक्षर छापणे एवढेच येत होते. स्मृती ६४० किलोबाइटची आणि प्रोसेसर मंद. डॉसला या कामाचा गंधही नव्हता.

आयआयटी कानपूरमध्ये यावर काम झाले आणि १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक दाखवले गेले. या कामातले मोहन तांबे पुढे पुण्याला सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, संस्थापक संचालक विजय भटकर. ही संस्था परम महासंगणकासाठी प्रसिद्ध आहे. पण कचेऱ्यांतल्या मराठीसाठी तिथे जे घडले ते जिस्ट कार्ड. पीसीच्या आतल्या रिकाम्या खाचेत हे कार्ड बसवायचे. अक्षरे जुळवण्याचे सगळे काम ते स्वतः करी आणि स्क्रीनवर देवनागरी उमटवी. वर्डस्टार, डीबेससारख्या प्रोग्रॅमना पत्ताही लागत नसे, की आपल्यात मराठी लिहिले जाते आहे.

त्या घडीला लिपीची प्रणाली हार्डवेअरसकट विकणे हाच योग्य निर्णय होता. या भागातली रेल्वेही अशीच सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये अडीच फुटांच्या अरुंद रुळांवर धावू लागली, कारण तेवढाच खर्च परवडत होता. १९२७ मध्ये ती मिरजेला पोचली आणि कवठे महांकाळ तिच्यावरचे स्थानक झाले. गाडी नसण्यापेक्षा छोटी गाडी केव्हाही बरी. पण मिरजेला आलेला डबा पुढे पुण्याच्या रुळांवर जाऊ शकत नव्हता; माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. २०१० च्या सुमारास मिरज-पंढरपूर मार्ग रुंद झाला, तेव्हा ही उतरवाउतरवी संपली. जिस्ट कार्डही त्या अरुंद रुळांसारखे होते. ते नसते तर मराठी कचेऱ्यांतल्या संगणकावर आलीच नसती, पण कार्ड नसलेल्या यंत्रावर तो मजकूर पुढे सरकत नव्हता.

सी-डॅकची दूरदृष्टी दिसते ती कार्डाइतकीच त्याच्या आतल्या सांकेतिक प्रमाणात. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण ठरवले गेले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ते मान्य झाले. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ती कशी दिसावीत हा भाग वेगळा ठेवला. प्रमाण सगळ्यांसाठी खुले होते. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतली होती. आज तुमच्या फोनमध्ये 'स्थिती' हा शब्द ज्या क्रमाने साठतो, तो क्रम त्या कामातून आलेला आहे.

मधल्या काळात मात्र आपण चांगलेच अडकलो. विंडोज आली, पीसी वेगवान झाले, कार्डाची गरज संपली. सी-डॅकने आयएसएमसारखी नुसती सॉफ्टवेअर दिली, खासगी कंपन्यांनीही दिली. यंत्राचे बंधन सुटले, पण मजकूर फॉन्टमध्ये कोंडला गेला. प्रत्येकाने आपल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. योगेश किंवा सुरेख फॉन्टमध्ये टंकलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, की रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची रांगच्या रांग दिसे. डीटीपी सेंटरमध्ये संगणकाच्या मागच्या बाजूला लावलेले लॉक, म्हणजे डाँगल, काढले तर काही मराठी प्रणाली सुरूही होत नसत. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे दाखले, जिल्हा दैनिकांची पाने, सगळे असे वेगवेगळ्या कोठ्यांत पडून राहिले. त्यातले किती तरी अजून युनिकोडमध्ये आलेले नाही.

२००० साली आलेल्या विंडोज २००० ने देवनागरीला थेट जागा दिली. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसत. तेही दिवस गेले. आता बागेत उभा असलेला शेतकरी फोनवर सातबारा पाहतो, आणि तो फोन कुठल्या कंपनीचा आहे याने काही फरक पडत नाही. ही सोय प्रणाल्यांची सरमिसळ झाल्याने आलेली नाही. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रणाल्या आजही एकमेकींपासून अलग आहेत. तिघींनी एकच अक्षरप्रमाण मानले, म्हणून ती आली.

न विकता देण्याची वाट

विकणे किंवा राखणे यापलीकडे तिसरी वाट आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स कुणालाही घेता येते, बदलता येते. सी-डॅकची बॉस ही प्रणाली तिच्यावरच उभी आहे. गूगलने अँड्रॉइड हँडसेट बनवणाऱ्यांना फुकट दिली, कारण तिची कमाई जाहिरातींची आहे. जितके फोन अधिक तितके तिला बरे. २०१७ च्या जिओफोनमध्ये कायओएस होती, ती फायरफॉक्स ओएसपासून निघालेली, आणि पुढे नोकियाच्या काही फोनांतही आली.

फुकट मिळालेली प्रणालीसुद्धा बिनशर्त नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फोन बनवणाऱ्यांनी गूगलची ॲप गठ्ठ्याने आधीच घालून द्यावीत, अशा अटींना आयोगाचा आक्षेप होता. प्रणाली सगळ्यांना देऊनही बाजार मुठीत ठेवता येतो, हे त्यातून दिसले.

मग विकावी की नाही?

या सगळ्या उदाहरणांतून एक सूत्र निघते. ज्यांचे पोट प्रणालीच्या परवान्यावर, त्यांनी ती जास्तीत जास्त यंत्रांवर पोचवावी. मायक्रोसॉफ्टने तेच केले. ज्यांचे पोट यंत्रावर, त्यांनी ती राखली तर त्यांना दोष देऊ नये; ॲपलचा १९९७ चा निर्णय मला धंद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो. सगळ्यात वाईट गत होते ती दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याची. यंत्रावर जगायचे आणि प्रणालीही बाजारात मांडायची, तर स्वतःच्याच मालाशी स्पर्धा होते.

सार्वजनिक पैशातून बनलेल्या प्रणालीला मात्र हा हिशेब लागू करू नये. लिपी, जमिनीचे दप्तर, शाळेचे आणि दवाखान्याचे कागद या गोष्टी कुठल्याही एका यंत्राला किंवा एका फॉन्टला बांधणे म्हणजे लोकांची वस्तू खासगी कुलपात ठेवणे. कार्ड बनवताना इस्कीचे प्रमाण खुले ठेवणाऱ्यांना हे कळले होते. कार्डे भंगारात गेली, पण ते प्रमाण मराठीच्या कामी आले.

तालुक्याच्या पातळीवर यातून करण्यासारखे बरेच आहे. पतसंस्थेने किंवा सोसायटीने नवे सॉफ्टवेअर घेताना करारात एक कलम घालून घ्यावे: करार संपला की खातेदारांची सगळी माहिती, दुसऱ्या प्रणालीत भरता येईल अशा रूपात, विनाशुल्क परत मिळेल. ग्रामपंचायतीने आणि शाळेने नवा मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. जुन्या फॉन्टमधले ठराव आणि दाखले, ते फॉन्ट चालवणारी यंत्रे जिवंत आहेत तोवरच बदलून घ्यावेत. व्यापाऱ्याने वर्ष संपले की हिशेबाची एक प्रत एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये काढून ठेवावी. एमएस-सीआयटी शिकवणाऱ्यांनी वर्गातल्या एका तरी संगणकावर लिनक्स चालवून दाखवावी, म्हणजे संगणक म्हणजे विंडोज हा समज मुलांच्या मनात पक्का बसणार नाही.

कंपनी आपली प्रणाली आपल्याला विकेल किंवा विकणार नाही. तिच्या दारात जाऊन हट्ट धरण्यात अर्थ नाही. यंत्र निवडताना आणि करारावर सही करताना, इथे ठेवलेले आपले काम उद्या दुसरीकडे नेता येईल का, एवढे विचारायला आपण शिकलो, तर तालुक्याचे दप्तर तालुक्याच्या हातात राहील.